बिराजदार डॉक्टरांच्या गाडीचं डावं दार

या सदरातले अनुभव मी नेमानं वाचतो, आणि वाचताना दरवेळी मनात दुरुस्ती करत असतो. इथं वाऱ्यानं दार आपटलं असणार, तिथं माणूस तापात असणार... सवयच आहे तशी. सगळं आयुष्य गाड्यांच्या इलेक्ट्रिक कामात गेलं माझं. डायनामो, सेल्फ, हॉर्न, वायरिंग. दिवा लागत नसेल तर कुठंतरी वायर तुटलेली असते, ती सापडली की लागतो. अंगात येणं, उतारे, यातलं मी काही मानलं नाही. दुकानाच्या दाराला लिंबू-मिरचीसुद्धा बांधू दिली नाही कधी, त्यावरून आईची बोलणी खाल्ली. त्यामुळं हे लिहायला पन्नासेक वर्षं लागली. आता वय पंच्याहत्तर आहे, लोक हसले तरी चालेल.

साल शहात्तर असावं. थंडी सुरू होत होती, म्हणजे सोलापुरात जेवढी होते तेवढी. भवानी पेठेत माझं एका खणाचं दुकान होतं, पुढं पत्र्याची शेड, समोर चहाचं हॉटेल. आजूबाजूला सगळे मागवाले, कापड विणणारे. दिवसभर खटखट खटखट चालायची, आम्हाला ती ऐकूही यायची नाही इतकी सवयीची.

माझ्या वडिलांना तर काहीच ऐकू यायचं नाही.

तात्या मूळचे वैरागचे. तरुणपणी सोलापुरात गिरणीत लागले आणि तीस वर्षं मागखात्यात काढली. त्या आवाजानं कान आधीच जड झालेले. मग एकदा ताप आला, तो दीड महिना हटला नाही, आणि उठले तेव्हा पूर्ण बहिरे. बिराजदार डॉक्टरांनी — हे कान-नाक-घशाचे डॉक्टर, अक्कलकोटकडचे — तेव्हाच तपासून सांगितलं होतं, दोन्ही नसा गेल्यात. त्यांच्याकडं तो लोखंडी चिमटा असतो ना, ठोकून कपाळाला लावायचा... तो लावला तरी तात्यांना काही कळलं नव्हतं. "हाडातूनही जात नाही रे दत्ता," डॉक्टर म्हणाले होते, "आशा नको ठेवू."

त्याला नऊ वर्षं झाली होती. घरात एक पाटी होती, महत्त्वाचं काही असलं की त्यावर लिहून दाखवायचं. बाकी सगळं हातवाऱ्यांवर. माझं लग्न त्यानंतरचं, म्हणजे माझ्या बायकोचा, कमलचा आवाज तात्यांनी ऐकलेलाच नव्हता. स्वतःचं बोलणंही त्यांनी कमी करत आणलं होतं. सकाळी माझ्यासोबत दुकानात यायचे, स्टुलावर बसायचे, संध्याकाळी माझ्यासोबत घरी. भांडण नाही, तक्रार नाही. माणूस हळूहळू मिटत चालला होता, आणि खरं सांगायचं तर आम्हाला त्याची सवय झाली होती.

त्या महिन्यात बाळीवेशीपाशी ते एका ट्रकखाली येता येता वाचले. ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न देत होता आणि हे रस्त्याच्या मधून शांतपणे चाललेले. कोणीतरी हाताला धरून ओढलं म्हणून बरं. ही बातमी वैरागला माझ्या थोरल्या भावाला, आप्पाला कळली. तो शेती बघायचा. त्याचा निरोप आला, रविवारी येतो आणि तात्यांना घेऊन जातो. गावाकडं मोटारी नाहीत, शेतावर बसून राहतील. आप्पाचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. मीसुद्धा मान डोलावली. आईनं पाटीवर लिहून तात्यांना दाखवलं, "रविवारी वैराग." त्यांनी वाचलं, पाटी हातानं पुसली आणि परत दिली. बास.

आता गाडीकडं येतो.

बिराजदार डॉक्टरांनी मुंबईतून एक जुनी विलायती गाडी घेतली होती, फिकट निळी. तिच्या पुढच्या दोन्ही दारांत कंपनीतूनच स्पीकर बसवून आलेले. तेव्हा आपल्याकडच्या गाड्यांत रेडिओ असला तरी नवल, आणि इथं दारात स्पीकर... डॉक्टरांना त्याचं फार कौतुक. पण सोलापूरच्या दोन उन्हाळ्यांत त्या स्पीकरचे कागद पापडासारखे वाळून फाटले. रेडिओ लावला की कुणीतरी नाकात बोलतंय असं वाटायचं. तसले स्पीकर मिळणं शक्य नव्हतं, म्हणून मी मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून, दुसऱ्या बनावटीचे दोन लंबगोल स्पीकर मागवले. साधेच, दुकानात मिळतात तसले.

ते बसवणं सोपं नव्हतं. जुनं भोक गोल आणि लहान, नवा स्पीकर लांबट आणि मागं जाड. तसाच बसवला तर काच खाली करताना त्याच्या चुंबकाला अडकत होती. मी प्लायवूडची दोन कडी कापली, ती पत्र्यावर बसवली, म्हणजे स्पीकर बोटभर बाहेर आला आणि काच सुटली. मग पॅनेलला तसाच लंबगोल काप घेतला. उजवं दार झालं. डावं दार करताना पॅनेल धरायला कोणीतरी हवं होतं, म्हणून तात्यांना खुणेनं पुढच्या डाव्या सीटवर बसवलं. त्यांनी गुडघ्यानं पॅनेल दाबून धरलं, मी बाहेरून वाकून स्क्रू आवळत होतो. दिवेलागणीची वेळ. आवाज कसा येतोय बघावा म्हणून रेडिओ लावून ठेवला होता. सांगली केंद्रावर शेतीचा कार्यक्रम चालू होता.

"ह्येला कुनी सांगितलं?" तात्या म्हणाले.

मी वर बघितलंही नाही.

"काळ्या रानात फुलावं आलेल्या हरभऱ्याला पानी? निस्ता माजंल की. घाटं धरायचं न्हाईत. मुंबैत बसून सांगत्यात काय बी."

"मुंबईहून न्हाई, सांगलीहून सांगत्यात," मी म्हणालो. आणि मग माझा हात थांबला.

रेडिओवरचा माणूस खरंच हरभऱ्याला पाणी द्यायचं सांगत होता.

मी आत हात घालून रेडिओ बंद केला. तात्यांनी माझ्याकडं बघितलं. "बंद का केलास? पुढं काय म्हनतोय बघू दे की."

एवढं बोलल्यावर त्यांच्याही लक्षात आलं. चेहराच बदलला. त्यांना वाटलं कान आले. झटक्यात उतरले आणि रस्त्यावर जाऊन उभे राहिले. शेजारी माग चालू, हॉटेलात कपबशा वाजतायत, एक सायकलवाला घंटी वाजवत गेला... तात्या मान इकडं तिकडं करत राहिले. मी जवळ जाऊन "तात्या" म्हणून हाक मारली. काही नाही. पुन्हा येऊन गाडीत बसले, मी रेडिओ लावला. "आता औताचं सांगतोय," म्हणाले. पुन्हा उतरले, पुन्हा काही नाही. पुन्हा बसले. असं पाच-सहा वेळा झालं. शेवटी ते बसले ते बसलेच. डोळे मिटून, हात मांडीवर. कार्यक्रम संपून गाणी लागली तरी उठले नाहीत.

पुढचे दोन दिवस माझं दुसरं काम बंद. पहिल्यांदा वाटलं, दाराला गुडघा टेकला होता, थरथर अंगातून गेली असेल. सगळे अवयव दारापासून लांब ठेवायला सांगितलं — ऐकू येतच होतं. मागच्या सीटवर बसवलं, गेलं. उजवीकडं बसवलं, गेलं. त्याच दारात जुना कंपनीचा स्पीकर घातला, गेलं. नवा परत घातला, आलं. तोच नवा स्पीकर दुरुस्तीला आलेल्या एका अँबॅसडरच्या दारात बसवून बघितला. तात्या म्हणाले, "ह्यात काय न्हाई." डावा स्पीकर उजवीकडं, उजवा डावीकडं करून बघितला. फक्त तो स्पीकर, फक्त ते दार, फक्त ती सीट.

घरी सांगितलं. आई म्हणाली, "त्येंना तिकडं जायाचं न्हाई म्हून करत आसतील." कमललाही तसंच वाटत होतं. मलाच ते अंदाजानं बोलत नाहीत ना अशी शंका यायला लागली होती.

रविवारी सकाळी आप्पा एसटीनं आला. तात्यांच्या कपड्यांची पिशवी आईनं भरून ठेवली होती. मी आप्पाला म्हणालो, आधी दुकानात चल, डॉक्टर गाडी न्यायला येणार आहेत, त्यांच्यासमोर काय ते होऊ दे. आईला आणि कमललाही घेतलं.

डॉक्टर आले, सोबत त्यांचे कंपाउंडर. मी सगळं सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत. "नस मेली म्हणजे मेली रे," एवढंच म्हणाले. तरी कोट काढला, बाह्या सरसावल्या आणि स्टिअरिंगवर जाऊन बसले. तात्या डाव्या सीटवर. काचा वर. मी मागच्या सीटवर.

डॉक्टर हुशार माणूस. समोरच्या हॉटेलात मोठा रेडिओ होता. त्यांनी कंपाउंडरला कागद-पेन्सिल देऊन तिथं बसवलं आणि तेच केंद्र लावायला सांगितलं. कार्यक्रमात जे सांगतील ते तिकडं कंपाउंडर लिहिणार, इकडं तात्या बोलतील ते डॉक्टर लिहिणार.

बायकांसाठीचा कार्यक्रम लागला होता. एक बाई आवळ्याचा मुरांबा सांगत होत्या.

तात्यांनी जन्मात चुलीपुढं बसून काही केलेलं नव्हतं. पण ते सांगायला लागले, एकेक वाक्य, त्या बाईंच्या मागोमाग. आवळे तीन दिवस पाण्यात ठेवायचे, पाणी रोज बदलायचं, काट्यानं टोचायचे, तुरटीच्या पाण्यातनं काढायचे... डॉक्टर त्यांच्या औषधाच्या चिठ्ठीवर लिहीत होते. लिहिता लिहिता त्यांनी आरशातून माझ्याकडं बघितलं आणि खालच्या बाजूला बोट दाखवलं. मला कळलं. मी पुढं वाकलो, जणू काही शोधतोय असं दाखवून डॅशबोर्डखाली हात घातला आणि दोन्ही स्पीकरच्या वायरी रेडिओपासून ओढून काढल्या.

आवाज बंद झाला. गाडीत शांतता. रेडिओचा दिवा तेवढा चालू.

"पाक दोन तारी झाला की आवळं सोडायचं," तात्या म्हणाले. "आन् मंद जाळावं ठेवायचं. हालवताना फुटू द्यायचं न्हाईत."

डॉक्टरांची पेन्सिल थांबली होती. मी हातातल्या वायरींकडं बघत होतो. उघडी तांब्याची टोकं माझ्या चिमटीत, कशालाच न जोडलेली.

"खाली उतरवल्यावं येलची. गरम आसताना न्हाई, वास उडून जातो म्हनत्यात." मग ते डॉक्टरांकडं वळले. "डाक्टरसायेब, लिवा की. थांबला का?"

डॉक्टरांनी लिहिलं. नंतर हळूच रेडिओचं बटण फिरवून सेट बंद केला.

"संपलं जणू," तात्या म्हणाले.

कंपाउंडर रस्ता ओलांडून आले. दोन्ही कागद बॉनेटवर शेजारी शेजारी ठेवले. तुरटी, पाक, मंद जाळ, सगळं तेच. कंपाउंडरांचं वेलचीचं राहून गेलं होतं. "होय की, वेलची म्हणाल्या त्या," ते म्हणाले, "हॉटेलात गोंगाट होता, माझं निसटलं."

म्हणजे आमच्यात सगळ्यात चांगलं तात्यांनाच ऐकू आलं होतं.

डॉक्टर फूटपाथवर जाऊन उभे राहिले, कन्नडमध्ये स्वतःशीच काहीतरी बोलले. आप्पा मात्र हलला नव्हता. "ते समदं खरं आसंल," तो म्हणाला, "पर रेडिओ ऐकून काय हुनार? ट्रकचा हारन काय ह्या दारातनं येनार हाय का?"

त्याच्या या बोलण्यानंच मला सुचलं. दुकानात एका मंडळाचा अँप्लिफायर दुरुस्त होऊन पडला होता, माइकसकट. मी तो शेडमध्ये आणला, आणि त्याची वायर डाव्या दाराच्या स्पीकरला जोडली. तात्या आत, काचा बंद. माइक आईच्या हातात दिला.

"बोल," म्हटलं.

"काय बोलू?"

"काय बी बोल. रोजचं."

आईनं माइक दोन्ही हातांत धरला. जमलेल्या लोकांकडं बघितलं, पदर सारखा केला. आणि नऊ वर्षांच्या सवयीनं जीव खाऊन ओरडली, "अवो, गोळी घेतली का सकाळची?"

गाडीत तात्या दचकले. मग काच थोडी खाली करून म्हणाले, "लई वरडू नगंस. ऐकू येतंय मला."

आईच्या हातातला माइक खालीच आला. तो मी पकडला. तिला स्टुलावर बसवलं, कमलनं पाणी दिलं. जरा वेळानं तिनं स्वतःच माइक मागून घेतला आणि हळू आवाजात बोलायला लागली. काय बोलली ते आम्ही नीट ऐकलंही नाही, आम्ही लांब सरकलो होतो. तात्या आतून एवढंच म्हणाले, "आवाज म्हातारा झाला की गं तुझा." आणि दोघंही हसायला लागले. नऊ वर्षांत मी तात्यांना आवाज काढून हसताना ऐकलं नव्हतं.

कमल बोलली. "मामंजी, मी कमल." तात्या काचेतून तिच्याकडं बघत राहिले. "मला वाटलं व्हतं बारीक आवाज आसंल तुझा," म्हणाले. "चांगला भरीव हाय."

मग आप्पानं माइक घेतला. पेठेतली पन्नास-साठ माणसं जमली होती, मागवाले हातातली कामं टाकून आले होते. आप्पा शेतकरी गडी, माइकवर बोलायची सवय नाही. "तात्या," म्हणाला, "वैरागला चला. हितं रस्त्यावं भ्या वाटतंय तुमचं."

"तितं माझं कोन हाय?" तात्या आतून म्हणाले. "तू दिसभर रानात. गिरनीतली समदी मानसं माझी हितं हायती."

"ट्रक आला तर?"

"एकटा न्हाई जानार रस्त्याला. दत्ताबरुबर जाईन, दत्ताबरुबर यीन. शबुद देतो." मग म्हणाले, "आप्पा, तू पोटातल्या मायेनं म्हनतोस, कळतंय मला. पर नऊ वर्सं झाली, कुनी मला काय इचारलंच न्हाई. पाटीवं लिवाया येळ लागतो म्हून. जायाचं का ऱ्हायाचं, ह्ये सुदीक न्हाई इचारलं."

माझीच मान खाली गेली होती. पाटी घरी होती, खडू होता, मला लिहिता येत होतं.

आप्पा माइक धरून उभा. "इचारतो," म्हणाला. "तात्या, जायाचं का ऱ्हायाचं?"

"ऱ्हायाचं."

"मग ऱ्हावा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तात्यांना त्या ऐकू आल्या नाहीत, पण दिसल्या. आप्पानं माइक लोकांकडं, टाळ्यांच्या बाजूला वळवून धरला, आणि तात्या सीटवर ताठ बसून त्या ऐकत राहिले. कपड्यांची पिशवी कमल घरी घेऊन गेली. डॉक्टरांनी समोरच्या हॉटेलातून सगळ्यांना चहा सांगितला.

त्यानंतर दर रविवारी दुपारी डॉक्टरांची गाडी माझ्या शेडमध्ये येऊन थांबायची. तात्या दाढी करून, धुतलेलं धोतर नेसून त्यात बसायचे. गिरणीतले जुने सोबती यायचे, माइक घेऊन तास तास गप्पा. वाद व्हायचे, तात्या जिंकायचेच असं नाही, पण सोडायचे नाहीत. सगळ्यात मोठा फरक बाकीच्या सहा दिवसांत पडला. ते बोलायला लागले, आणि आम्ही पाटीवर लिहायला लागलो, अगदी भाजी काय करायची इथपासून.

डॉक्टरांनी त्यांना मिरजेला नेऊन मशीनवर तपासून आणलं. कागदावर दोन्ही कानांच्या रेषा तळाला सरळ, जिवंतपणाची खूण नाही. डॉक्टरांनी त्यांच्या जुन्या प्राध्यापकांना सविस्तर पत्र लिहिलं. उत्तर आलं की रोगी चलाख असावा. डॉक्टरांनी ते पत्र मला वाचून दाखवलं आणि फाडून टाकलं.

तात्या पुढं सहा वर्षं होते. शेवटच्या आठवड्यातला रविवारही चुकला नाही. ते गेल्यावर मी तो स्पीकर काढून पुरता उघडला. कागद, कॉइल, चुंबक, माझ्याच हातानं कापलेलं प्लायवूडचं कडं. इतर कुठल्याही स्पीकरपेक्षा त्यात काही वेगळं नव्हतं. ती गाडी नंतर भंगारात गेली. मी अनेक इंजिनिअरना विचारलं. जोडलेल्या वायरीबद्दल प्रत्येकाकडं काहीतरी म्हणणं असतं. काढलेल्या वायरीबद्दल विचारलं की ते विषय बदलतात, आणि त्यांना मी दोष देत नाही. मीही आजवर हे कुणालाच समजावू शकलेलो नाही, स्वतःलासुद्धा.

एकदा तात्यांनाच माइकवरून विचारलं होतं. "तात्या, वायर काढली तरी तुम्हाला ऐकू येत होतं. कसं काय?"

त्यांनी दाराकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"बसवलास तू," म्हणाले, "आन् इचारतोस मला व्हय?"